तीन नंबरच्या प्रेसवरची टिक

सन एकोणीसशे एकोणनव्वद. माझं वय एक्कावन्न. लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाच्या अंगाला रेकॉर्डी दाबायची एक फॅक्टरी होती, तिथं मी कामाला होतो आणि तिथल्या ऐकण्याच्या केबिनमधली खुर्ची माझी होती. ती खुर्ची टिकवायला मी काय केलं ते लिहितो. मला कोणी विचारलेलं नाही. पण फॅक्टरी पाडून तिथं आता घरं झाली, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाकडं पुरती नाही.

केबिन म्हणजे सहा फूट बाय पाच फुटांची पेटी. भिंतींना आतून जाड स्पंज. दार ओढून घेतलं की बाहेरचा आवाज चाकूनं कापल्यासारखा बंद. एक टर्नटेबल, एक हेडफोन, एक खुर्ची, आणि दाराला वहीएवढी काच. काचेतून प्रेसचा हॉल दिसायचा, वाफा दिसायच्या, माणसांची तोंडं हलताना दिसायची, पण ऐकू काही यायचं नाही. दर तासाला प्रत्येक प्रेसवरची एक रेकॉर्ड माझ्याकडं यायची. सुई ठेवायची आणि ऐकायचं. गाणं ऐकायचं नाही. गाण्याच्या मागं काही खरखरतंय का, काही टिकटिकतंय का, तेवढंच. दोष सापडला की लाल कार्ड घ्यायचं, हॉलमध्ये जायचं आणि त्या प्रेसला लटकवायचं. कार्ड लागलं की प्रेस बंद. सुपरवायझरला विचारायचं नाही, मॅनेजरला विचारायचं नाही. तिसरी शिकलेला माणूस एका कार्डानं गोऱ्यांची मशिन थांबवतो, हे आमच्या गावात सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

खुर्ची मला कोणी दयेनं दिली नव्हती. गावात असताना मी डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनात झांज वाजवायचो. समोरच्या बुवाचा पखवाजवाला अर्धी मात्रा घसरला तरी मला कळायचं, आणि मी तोंडावर सांगायचो, म्हणून दोनदा मारही खाल्ला. मग जहाजावर इंजिनरूममध्ये तेलवाला झालो. बेअरिंग गरम व्हायच्या आधी इंजिनाचा आवाज बदलतो, तो मला आधी कळायचा, इंजिनिअरला मागून. फॅक्टरीत बारा वर्षं प्रेसवर घाम गाळल्यावर एकदा सुपरवायझरनं माझी परीक्षा घेतली. वीस रेकॉर्डी दिल्या, त्यातल्या सहा खराब. मी सात काढल्या. सातवी त्यानं भिंगाखाली धरली, बराच वेळ बघितली, आणि दुसऱ्या सोमवारपासून मी केबिनमध्ये. तिथं मला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत माझं एकही कार्ड चुकीचं लागलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आकडे यायचे. माझं नाव यायचं. एक्झिट, डेंजर, टॉयलेट यायचं. बोलण्यात मी कोणाला हार गेलो नाही, पण हातानं लिहिलेलं इंग्रजी पुढं आलं की मला नुसता गुंता दिसायचा. फॅक्टरीत हे कोणाला माहीत नव्हतं. कागद आला की मी म्हणायचो, चष्मा घरी राहिला. कागद घरी न्यायचा, बायको वाचून दाखवायची. ती संध्याकाळच्या क्लासला जाऊन वाचायला शिकली होती. मलाही म्हणाली होती, "चला की माझ्याबरोबर." मी म्हटलं, "बायकांच्या रांगेत बसून एबीसीडी गिरवू काय?" नाही गेलो. आमची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची, इथंच जन्मलेली. तिला वाटायचं, बाबांचे डोळे कमजोर आहेत. मीही तसंच वाटू दिलं.

आता ज्यांच्या अल्बमवरून हे घडलं त्या तिघांबद्दल. दोन बहिणी आणि त्यांच्याबरोबर गाणारा एक पुरुष. आईबाप वेस्ट इंडीजहून आलेले, तिघंही लंडनमध्ये वाढलेले. त्यांच्या गाण्याला सोल म्हणतात. त्यांचा पहिला अल्बम दोन वर्षांपूर्वी आमच्याकडंच दाबला होता. चार दिवसांचं काम. तो कोणी घेतला नाही. दुकानांतून ट्रक भरून परत आला आणि आमच्याच मागच्या शेडमध्ये दळला गेला. परत आलेल्या रेकॉर्डीच्या मधलं कागदाचं लेबल ठोकून काढायचं आणि उरलेलं काळं प्लास्टिक चक्कीत घालायचं, अशी रीत होती. त्याचे दाणे पुन्हा दुसऱ्या कोणाच्या गाण्याला लागायचे.

दुसरा अल्बम आला तेव्हा सरदार म्हणाला, "दाबा आणि दळा. आपला पगार दोन्हीकडं सारखाच."

सरदार तीन नंबरच्या प्रेसवर होता. जालंधरकडचा, माझ्याच वयाचा. आम्ही दोघं एकाच आठवड्यात फॅक्टरीत लागलो होतो. मला तो 'बॉम्बे' म्हणायचा. मी बॉम्बेचा नाही, कोकणातला आहे, हे मी त्याला वीस वर्षं सांगत होतो. तो म्हणायचा, "नकाशात गाव दाखव, त्याच दिवशी नाव बदलतो." नकाशात आमचं गाव नव्हतं.

त्या अल्बमची पहिली तपासणी झाली आणि तो दुकानांत गेला, ते तीन आठवडे मी तापानं घरी होतो. कामावर आलो तर सुपरवायझर केबिनच्या दारात उभा. हातात चिठ्ठी, त्याच्या अक्षरातली, चार ओळी. खाली सहीची जागा. वाचलं म्हणून सही करायची, असा नियम होता. नेमका त्या दिवशी चष्मा माझ्या नाकावर. घरी राहिला म्हणायची सोय नाही. मी चिठ्ठीकडं बघितलं. चार ओळी वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ बघितलं. मान हलवली. सही केली. चिठ्ठी घेऊन तो निघून गेला.

त्याच वेळी बाहेर दुसरंच चाललं होतं. आदल्या दिवशी रविवार. रविवारी संध्याकाळी रेडिओवर त्या आठवड्याचे नंबर सांगायचे, कोणाचं गाणं, कोणाचा अल्बम कितवा आला ते. या तिघांचा अल्बम एकदम पहिल्या विसात घुसला होता. दुकानांतून फोनावर फोन. आमच्या चार प्रेस त्यालाच लावल्या होत्या आणि गेटवर तीन ट्रक मोकळे उभे.

मी पहिली बाजू ऐकली. स्वच्छ. रेकॉर्ड उलटली, सुई ठेवली, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच चरचर. तापल्या तव्यावर खडेमीठ टाकावं तशी. वीस मोजेपर्यंत चरचर, आणि मग तिच्यातून थोरल्या बहिणीचा आवाज वर येतो. एक नंबरची रेकॉर्ड घेतली, तीच चरचर. दोनची, तीनची, चारची, तीच. चारही प्रेसवर एकच दोष म्हणजे मूळच बिघडलेलं. मी चार लाल कार्डं घेतली आणि हॉलमध्ये गेलो. चार कार्डं एकदम तिथं आजवर कोणी लावली नव्हती. मी एकेका प्रेसपुढं थांबून, सगळ्यांना दिसेल असं लावत गेलो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला मोठा आनंद झाला होता.

वाफ बंद झाली. हॉल शांत झाला. ट्रक ड्रायव्हर आत डोकावायला लागले. सुपरवायझर दोन तासांनी केबिनमध्ये आला, मीटिंगला गेला होता. तो उंच, मऊ बोलणारा माणूस. रागावला की आणखी मऊ बोलायचा.

"काय झालं?"

"दुसरी बाजू खराब आहे. बसा, ऐका."

तो बसला नाही. खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. "सही कोणाची?"

"माझी."

"वाचली होतीस ना?" आणि मी बोलायच्या आत त्यानं बोटानं एकेक ओळ दाखवत वाचली. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीची खरखर गाणाऱ्यांनी मुद्दाम घातली आहे. तो गाण्याचाच भाग आहे. त्यासाठी प्रेस थांबवू नये.

मुद्दाम! आठ वर्षं जो आवाज मी शोधून शोधून मारला, तो या लोकांनी स्टुडिओत बसून हौसेनं गाण्यात घातला होता.

मी तिथं उभा होतो आणि माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. एक, मला वाचता येत नाही म्हणायचं. दुसरी, माझा कान चुकला म्हणायचं. पहिलीत इज्जत जात होती, दुसरीत खुर्ची. दाराच्या काचेतून सगळा हॉल आमच्याकडं बघत होता.

"वाचली होती," मी म्हणालो. "खरखर मुद्दाम आहे हे मला माहीत आहे. मी खरखरीसाठी थांबवलं नाही. पुढं टिक आहे. चौथ्या गाण्यात. तीन नंबरवर."

"मग चारही का थांबवलेस?"

"टिक कुठून आली ते बघायला नको?"

तीन नंबरच का म्हणालो? त्याला कारण नाही. काचेतून समोर तीन नंबर दिसायचा, एवढंच.

बाकीच्या तीन प्रेस लगेच सुरू झाल्या. तीन नंबरचा साचा काढून भिंगाखाली गेला. साचा म्हणजे निकेलचा पातळ पत्रा, त्याच्यावरची रेघ न् रेघ रेकॉर्डीवर उमटते. त्याला ओरखडा असला तर तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एक टिक येते. भिंगवाल्याला ओरखडा दिसला नाही. सुपरवायझरनं हेडफोन लावून चौथं गाणं तीनदा ऐकलं. त्याला टिक ऐकू आली नाही. "शुक्रवारी रेकॉर्ड कंपनीची माणसं येतायत," तो अगदी मऊ म्हणाला. "गाणारेही येतायत, फोटो काढायला. त्यांना ऐकवू. टिक नसली तर तू परत प्रेसवर. असली तर साचा कोणी खराब केला ते बघू. तोवर तीन नंबर बंद."

दुपारच्या चहाला सरदार माझ्या समोर येऊन बसला.

"बॉम्बे, खरंच टिक आहे?"

"आहे."

"माझ्या साच्यावर?"

"आहे म्हटलं ना."

"मी दर दोन तासांनी फडकं बदलतो. साच्यावर उघडा हात लावत नाही. बायकोपेक्षा जास्त जपतो, तुला माहीत आहे."

"मला आवाज माहीत आहे. तुझं फडकं माहीत नाही."

 चहा तसाच ठेवून तो उठला. तो चहा अर्धवट टाकणारा माणूस नव्हता.

त्या आठवड्यात मला पळायला जागा उरली नाही. दिवसभर केबिनमध्ये तोच अल्बम. विकला जातोय म्हणून दुसरं काही प्रेसवर चढेचना. दहा गाणी, पहिली बाजू, दुसरी बाजू, पुन्हा पहिली. त्या धाकट्या बहिणीचा श्वास कुठं तुटतो, तो पुरुष कुठल्या शब्दाला ओठ चाटतो, सगळं पाठ झालं. संध्याकाळी घरी यावं तर पायरीवरच ऐकू यायचं. मुलीनं कॅसेट आणलेली. भिंतीतून तेच गाणं, जिन्यावर तेच, न्हाणीघरात तेच.

"बाबा, हे गाणी किती ब्रिलियंट आहे ना!" ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणायची. "आणि तुमच्या फॅक्टरीत बनतो! माझा फ्रेंड्स बिलीव्हच करत नाही."

"कमी कर आवाज."

"तुम्ही दिवसभर ऐकता, यू आर सो लकी."

बायको चपात्या करता करता माझ्याकडं बघायची. तिला काहीतरी कळलं होतं. "अहो, कामावर काही झालंय का?"

"काय होणार?"

"कागद-बिगद आलाय का? आणा, वाचते."

"काही कागद नाही," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. कागद सुपरवायझरच्या खिशात होता.

बुधवारी एक विचित्र गोष्ट झाली. मला टिक ऐकू यायला लागली. चौथ्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याच्या मागं, बारीक, नखानं ताटाला टिचकी मारावी तशी. मी सुई उचलली, पुन्हा ठेवली. होती. पुन्हा ठेवली. नव्हती. मग मी ताल धरून मोजलं. साच्याची टिक तबकडीच्या फेऱ्याबरोबर चालते, गाण्याच्या ठेक्याबरोबर नाही. दोन्ही वेगळे चालतात, म्हणूनच तर खरी टिक मला लपत नाही. ही जी मला ऐकू येत होती, ती गाण्याबरोबरही चालत नव्हती आणि फेऱ्याबरोबरही नाही. मी घाबरलो की ती यायची. मी हेडफोन काढून ठेवला आणि स्पंजाच्या भिंतीकडं तोंड करून बसलो. काचेकडं तोंड करायची हिंमत नव्हती. तिथं बंद पडलेली तीन नंबर होती आणि तिच्यापुढं, काही काम नसताना, सरदार लादी झाडत होता.

शुक्रवारी ते आले. तिघं, कंपनीचा एक माणूस, एक फोटोग्राफर. प्रेसपुढं उभे राहून गरम रेकॉर्ड हातात धरल्याचे फोटो झाले. मग सुपरवायझर त्यांना केबिनकडं घेऊन आला. आत दोनच माणसं मावतात. थोरली बहीण आत आली. तिशीची असेल, कानात मोठ्या बाळ्या, अंगाला नारळाच्या तेलाचा वास. तो वास आमच्या घरातला. मी खुर्चीतून उठलो.

"तुम्हीच का आमचा अल्बम थांबवणारे?" ती हसत म्हणाली. "मला तुम्हाला भेटायचंच होतं. त्या खरखरीबद्दल इतकी मारामारी झाली आमची! ती आमच्या आईची रेकॉर्ड आहे. बोटीतून येताना तिनं एकच रेकॉर्ड आणली होती. इतकी वाजवली, इतकी वाजवली, की गाणं झिजून गेलं आणि खरखर राहिली. ती आम्ही टेपवर घेतली."

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, माझी बिघडलेली रेकॉर्ड जगाला कशाला ऐकवता? लोक परत आणून देतील."

मी मनात म्हटलं, या बाईच्या आईला कळत होतं.

"आणि ही दुसरी टिक कुठं आहे?" ती म्हणाली आणि माझ्या खुर्चीत बसली. "ऐकवा ना मला."

मी तीन नंबरवर दाबलेली रेकॉर्ड लावली आणि चौथ्या गाण्यावर सुई ठेवली. पहिल्या खेपेला सुई तिसऱ्या गाण्यावर पडली, हे तिला दिसलं असेल. तिनं हेडफोन लावला, डोळे मिटले. काचेच्या पलीकडं सुपरवायझर, कंपनीचा माणूस, आणि त्यांच्या मागं सरदार. मी तिच्या तोंडाकडं बघत उभा. ती नाही म्हणाली तर मी संपलो, हे मला कळत होतं. आणि ती नाही म्हणाली तर सरदार सुटला, हेही कळत होतं. दोन्हींतलं मला काय हवं होतं ते मी लिहीत नाही.

तिनं डोळे उघडले. "हं," ती म्हणाली. "आहे. अगदी बारीक आहे. पण आहे." आणि काचेकडं बघून तिनं मान हलवली.

तिला खरंच काही ऐकू आलं, की म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची सुई चुकताना बघून तिला दया आली, हे मला आजही ठाऊक नाही. ती उठली, माझा हात हातात घेतला, "थँक यू," म्हणाली.  दार उघडलं गेलं आणि सगळे मला शाबासकी द्यायला लागले.

सरदाराला त्याच दुपारी शेडमध्ये पाठवलं. साच्याची निगा नीट ठेवली नाही, असं लेखी दिलं. शेडमध्ये चक्की चालते, काळा भुगा उडतो, चक्कीच्या आवाजात माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. तो जाताना माझ्या केबिनवरून गेला. काचेतून त्यानं आत बघितलं नाही.

शनिवार कसा गेला ते आठवत नाही. रविवारी संध्याकाळी रेडिओला मुलगी चिकटून बसली होती, बोट टेपच्या बटणावर. मी बाहेर गाडीत जाऊन बसलो. गाडी घरासमोरच उभी होती, कुठं जायचं नव्हतं. काचा वर घेतल्या. त्या सगळ्या आठवड्यात ते गाणं नव्हतं अशी ती एकच जागा मला सापडली होती, आणि तीही केबिनसारखीच निघाली. बसायला एक सीट आणि बघायला एक काच.

थोड्या वेळानं घराचं दार उघडलं आणि मुलगी धावत आली. अंगावर स्वेटर नाही, पायात सपाता. शेजारच्या सीटवर येऊन आदळली.

"बाबा! नंबर वन! नंबर वन आला!"

"बरं झालं."

"नाही, ऐका ना! ती रेडिओवर होता. थोरली बहीण. ती म्हणाली, आमचा फॅक्टरीत एक अंकल आहे, इंडियन, त्यांनी असा एक क्लिक ऐकला की आम्हाला पण ऐकू नाही आला. आम्ही बनवला आणि आम्हाला नाही ऐकू आला! ती म्हणाली, ही हॅज द बेस्ट इयर्स इन इंग्लंड. बाबा, ते तुम्ही आहे ना? तुम्हीच आहे ना?"

मी तिच्याकडं बघितलं. सोळा वर्षांत या पोरीनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. शाळेत पालकांना बोलावलं की ती म्हणायची, आई आली तरी चालेल. माझं इंग्रजी बोलणं तिला लाजिरवाणं वाटायचं, ते मला कळायचं.

"मी तिघांना फोन केला," ती म्हणाली. "माझा बाबा आहे म्हणून सांगितला. उद्या स्कूलमध्ये सगळ्यांना सांगणार आहे."

"नको सांगू."

"का? बाबा, यू आर फेमस!"

"नको म्हटलं ना."

"तुम्ही नेहमी असंच करता," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला, पण गाडीतून उतरली नाही. माझा हात धरून बसून राहिली. मला वाटलं, आता खोटं असं सगळीकडून भिंती धरून उभं राहिलंय. फॅक्टरीत ते खरं, रेडिओवर खरं, उद्या शाळेत खरं. एकट्या सरदाराला माहीत होतं की त्याच्या साच्यावर काही नव्हतं, आणि त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं. आणि ही खुर्ची, जिच्यासाठी हे सगळं केलं, तिच्यात बसून यापुढं मी जे ऐकीन ते खरं की भीती, हे मला कळणार नव्हतं. बुधवारीच कळेनासं झालं होतं. मग ती खुर्ची माझी राहिली तरी काय उपयोग?

आत गेल्यावर बायकोनं विचारलं, "जेवताय ना?" मी म्हटलं, वाढ.  तिनं पोरीचा टेप बंद करायला लावला.

सोमवारी सकाळी मी साडेपाचला निघालो. केबिनकडं गेलो नाही. मागच्या शेडमध्ये गेलो. सरदार आधीच आला होता. तोंडाला फडकं, दाढीवर काळा भुगा, परत आलेल्या रेकॉर्डींची लेबलं ठोकून काढत होता. चक्की सुरू होती.

"तीन नंबरवर टिक नव्हती," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यानं हात थांबवला नाही.

"मला ती चिठ्ठी वाचता आली नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून टिक म्हटलं."

"इथं काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "वर जाऊन सांग."

"तुला आधी सांगायला आलो."

"मला आधी सांगून काय होणार? मला दिलेला कागद तू फाडणार? वर जा, बॉम्बे."

मी वर गेलो. सुपरवायझर कोट काढत होता. मी दार वाजवलं नाही, आत जाऊन उभा राहिलो आणि जे शेडमध्ये म्हणालो तेच, तसंच, पुन्हा म्हणालो. सरदाराला लेखी दिलंय ते फाडा, असंही म्हणालो. तो खुर्चीत बसला.  मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "म्हणजे तू काहीच ऐकलं नव्हतंस."

"खरखर ऐकली," मी म्हणालो. "ती होती. ती मी बरोबर ऐकली. ती मुद्दाम आहे हे मला कोणी तोंडानं सांगितलं नाही."

तो आणखी काहीतरी बोलायला लागला, पण मी थांबलो नाही; टिक नसली तर मी परत प्रेसवर, हे त्यानंच ठरवलं होतं. खाली गेलो, खुंटीवरचा एक एप्रन घेतला, तीन नंबरच्या प्रेसची वाफ चालू केली आणि ती तापेपर्यंत तिच्याजवळ उभा राहिलो.